पूर्वजांची साक्ष

वक्तृत्व ही उपजत देणगी आहे कीं ती कष्टानें मिळते, असा प्रश्न आमच्या एका वाचक भगिनींनीं पत्रानें विचारिला आहे. प्रश्नामागची हकीकत त्यांच्याच पत्रावरून थोडक्यांत सांगतों. त्यांची कन्या शाळेंत नववीच्या वर्गांत आहे. वयाच्या मानानें ती बरीच उंच, हातपाय लांब, आणि आवाज बारीक. गेल्या वर्षीं शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेंत ती बोलावयास उभी राहिली, तेव्हां पहिल्या वाक्यालाच मुलांत हशा पिकला. यंदां तिनें नांव देण्याचें साफ नाकारिलें. वडिलांचें म्हणणें असें कीं, बोलणें हा ज्याच्या त्याच्या गळ्याचा गुण आहे. तो नसेल तर मुलीनें आपल्या गणिताकडे लक्ष द्यावें. आजोबा म्हणतात, आपल्या घराण्यांत पूर्वीं कोणाही बायकामाणसानें सभेंत भाषण केलेलें नाहीं, तेव्हां हिनें न केल्यानें कांहीं बिघडत नाहीं. आई दोघांच्या मध्यें सांपडली आहे. ‘तुम्हांस काय वाटतें तें लिहावें,’ असें सांगून त्यांनीं पत्र संपविलें आहे.

आमचें मत आम्ही शेवटीं देऊं. त्यापूर्वीं एका भाषणाची हकीकत सांगावीशी वाटते. ज्या वक्त्याचें तें भाषण, त्याची उंची पाहूनही लोक प्रथम हंसले होते. त्याचाही आवाज बारीक होता. आणि त्याच्या भाषणाचा सारा विषय ‘आपल्या पूर्वजांनीं काय केलें’ हाच होता. त्या एका रात्रीनें एका खेडवळ वकिलाला राष्ट्राध्यक्षपदाच्या वाटेवर आणून उभें केलें.

न्यूयॉर्क शहरांत कूपर युनियन नांवाची एक शिक्षणसंस्था आहे. पीटर कूपर या कारखानदारानें ती काढली. ह्या गृहस्थाला लहानपणीं एक वर्षभरही धड शाळा मिळाली नव्हती. म्हणून कामकऱ्यांच्या मुलांना विनामूल्य शिकतां यावें, या हेतूनें त्यानें आपली कमाई त्या संस्थेंत घातली. तिच्या इमारतीच्या तळमजल्याखालीं एक मोठें सभागृह आहे, आणि तें आजही सभांसाठीं वापरांत आहे. १८६० सालच्या फेब्रुवारीच्या २७ तारखेला, सोमवारीं रात्रीं, पंचवीस सेंटचें तिकीट काढून सुमारें दीड हजार माणसें तेथें जमलीं होतीं. अध्यक्षस्थानीं कवि आणि ‘ईव्हनिंग पोस्ट’ पत्राचे संपादक विल्यम कलन ब्रायंट होते. ‘ट्रिब्यून’चे संपादक होरेस ग्रीली व्यासपीठावर बसले होते. शहरांतील विद्वान् व वजनदार मंडळी समोर होती. वक्ता होता अब्राहम लिंकन.

आज हें नांव आपल्या शाळेंतील मुलांच्याही तोंडीं आहे. त्या रात्रीं तसें नव्हतें. वक्त्याचें वय ५१. इलिनॉय संस्थानांतील स्प्रिंगफील्ड या गांवीं तो वकिली करीत असे. साऱ्या आयुष्यांत मिळून त्याला जेमतेम एक वर्षाचें शालेय शिक्षण मिळालें होतें. १८४७ ते १८४९ अशीं दोन वर्षें तो वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहांत होता. पुन्हां तेथें गेला नाहीं. १८५८ मध्यें सेनेटच्या जागेसाठीं त्यानें स्टीफन डग्लस या नामांकित पुढाऱ्याशीं सात गांवीं सात जाहीर वादविवाद केले. त्यांमुळें कीर्ति झाली, परंतु जागा डग्लसलाच मिळाली. पूर्वेकडील सुशिक्षितांच्या लेखीं हा पश्चिमेचा एक हरलेला उमेदवार होता.

निमंत्रण आलें तें मूळचें ब्रुकलिन येथील हेन्री वॉर्ड बीचर यांच्या प्रार्थनामंदिरांतील व्याख्यानमालेचें, दोनशें डॉलर बिदागीचें. तें ऑक्टोबर १८५९ मध्यें पोंचलें. लिंकननें स्वीकारलें, पण राजकीय विषयावर बोलण्याची मुभा आणि फेब्रुवारीअखेरची तारीख मागून घेतली. पुढें व्यवस्था रिपब्लिकन पक्षाच्या तरुणांच्या एका संघाकडे गेली आणि सभेची जागा बदलली. ही गोष्ट त्याला न्यूयॉर्कला उतरल्यावर कळली. आगगाडीचा लांबचा प्रवास, पेटींत चुरगळलेला नवा काळा पोशाख, आंखूड वाटाव्या अशा बाह्या, अशा थाटांत हा सहा फूट चार इंच उंचीचा गृहस्थ उभा राहिला. ऐकणाऱ्यांपैकीं कांहींनीं पुढें लिहून ठेविलें आहे कीं, आरंभीं त्यांना त्याची कींव आली. आवाज उंच पट्टीचा आणि चिरका, उच्चार गांवढळ, हात कोठें ठेवावे हें जणूं ठाऊक नाहीं. थोडा वेळ गेला, आणि मग त्या कपड्यांकडे कोणाचेंही लक्ष राहिलें नाहीं.

असें काय सांगितलें त्यानें? तें समजण्यासाठीं त्या वेळचा वाद दोन शब्दांत सांगावा लागेल. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत काळ्या लोकांना गुलाम म्हणून विकत घेतां व विकतां येत असे. उत्तरेकडे ही चाल बंद झाली होती. पश्चिमेस जे नवे प्रदेश वसत चालले होते, त्यांत गुलामगिरी जाऊं द्यावी कीं नाहीं, हा मुख्य तंटा होता. डग्लस म्हणे, तेथें वसणाऱ्या लोकांनींच तें ठरवावें. मध्यवर्ती सरकारनें त्यांत पडूं नये. १८५७ मध्यें ड्रेड स्कॉट नांवाच्या गुलामाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें याच्याही पुढें जाऊन असा निर्णय दिला कीं, नव्या प्रदेशांत गुलामगिरीला मनाई करण्याचा अधिकारच कायदेसभेला नाहीं. रिपब्लिकन पक्ष नवा होता, आणि अशी मनाई झालीच पाहिजे, हें त्याचें पहिलें कलम होतें.

१८५९ च्या सप्टेंबरांत डग्लसनें ओहायोमधील एका भाषणांत म्हटलें होतें कीं, ज्या पूर्वजांनीं आपलें हें राज्य घडविलें, त्यांना हा प्रश्न आपल्याइतकाच, किंबहुना आपल्याहून अधिक चांगला समजला होता. प्रतिपक्षाचें असें वाक्य हातीं आलें म्हणजे सामान्य वक्ता तें खोडावयास धांवतो. लिंकननें तें मान्य करून टाकिलें. आपणही तेंच म्हणतों, असें तो बोलला. आतां एवढेंच पाहूं कीं, त्या पूर्वजांची समजूत होती तरी कोणती?

येथून पुढें त्या भाषणाला एखाद्या दप्तराच्या तपासणीचें रूप येतें. पूर्वज म्हणजे कोण? तर १७८७ च्या राज्यघटनेवर ज्यांनीं सह्या केल्या ते एकोणचाळीस गृहस्थ. त्यांपैकीं प्रत्येकानें, नव्या प्रदेशांतील गुलामगिरीचा प्रश्न मतास आला तेव्हां, कोणत्या बाजूला मत दिलें? १७८४ चा ठराव, १७८७ चा वायव्य प्रदेशाचा हुकूम, १७८९ च्या पहिल्या कायदेसभेचा कायदा, १७९८ चा मिसिसिपी प्रदेशाचा, १८०४ चा लुइझियानाचा, १८१९–२० चा मिसूरीचा वाद, असें एकेक प्रकरण काढून त्यानें नांवानिशीं मोजणी केली. हिशेब असा निघाला कीं, एकोणचाळीसांपैकीं तेवीस जणांना अशा मतदानाचा प्रसंग आला होता. त्यांतील एकवीस जणांनीं मध्यवर्ती सत्तेला हा अधिकार आहे असें आपल्या कृतीनें दाखविलें होतें, आणि उलट बाजूला केवळ दोघे होते. पहिल्या कायदेसभेंत तर सह्या करणाऱ्यांपैकीं सोळा जण बसले होते, आणि तेथें झालेल्या मनाईच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष या नात्यानें खुद्द वॉशिंग्टनची सही होती. उरलेल्या सोळांचें मत नोंदीवर नव्हतें. परंतु त्यांत फ्रँकलिन, हॅमिल्टन, गव्हर्नर मॉरिस यांच्यासारखे गुलामगिरीचे प्रसिद्ध विरोधक होते.

या एकेका आंकड्यामागें किती दिवसांचें वाचन होतें, हें ध्यानांत घ्यावें. लिंकनपाशीं कारकून नव्हते. कायदेसभेचीं जुनीं इतिवृत्तें, घटनापरिषदेच्या चर्चांचे ग्रंथ, जुनीं वर्तमानपत्रें हें सर्व त्यानें स्प्रिंगफील्डच्या ग्रंथालयांत व आपल्या कचेरींत बसून, वकिलीचें काम सांभाळून, स्वतः चाळलें. पुढें त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या दोघां वकिलांनीं हें भाषण टीपांसह छापण्याचें मनावर घेतलें, तेव्हां त्यांतील विधानांचे आधार शोधतांना त्यांची पुरती दमछाक झाली. त्यांनीं भाषेंतही कांहीं दुरुस्त्या सुचविल्या. व्याकरणाच्या दुरुस्त्या लिंकननें आभार मानून घेतल्या. पण जेथें एका शब्दाच्या फरकानें अर्थ तिळभर सरकत होता, तेथें त्यानें आपलाच शब्द कायम ठेवावयास सांगितलें.

याच भागांत त्यानें एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. पूर्वजांनीं केलें तेंच आपण डोळे मिटून करीत राहावें, असें आपलें म्हणणें नाहीं. तसें केल्यास आजच्या अनुभवाचा उजेडच टाकून दिल्यासारखें होईल, असें तो म्हणाला. पूर्वजांच्या विरुद्ध जावयाचें असेल तर खुशाल जावें, मात्र त्यांचा मोठा अधिकारही ज्यापुढें टिकणार नाहीं इतका भक्कम पुरावा आणि इतका स्वच्छ युक्तिवाद घेऊन जावें. ज्याला उलट मत बाळगावयाचें त्यानें तें जरूर बाळगावें. परंतु आपलें मत पूर्वजांच्या नांवावर खपवून, ज्यांना जुने कागद पाहावयास सवड नाहीं अशा भोळ्या लोकांना फसवूं नये.

भाषणाचा दुसरा भाग दक्षिणेकडील लोकांना उद्देशून होता. ते सभेंत नव्हते. आपलें ते ऐकणार नाहींत हें तोही जाणून होता. तुम्ही स्वतःला सनातनी म्हणवितां व आम्हांला बंडखोर. पण जुनें जें धोरण, तें आम्ही धरून आहों आणि नवें तुम्ही काढीत आहां, असें त्यानें त्यांना सुनावलें. चारच महिन्यांपूर्वीं जॉन ब्राउन यानें हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर छापा घालून गुलामांचें बंड उठविण्याचा प्रयत्न केला होता, आणि डिसेंबरांत तो फांसावर गेला होता. तें पाप रिपब्लिकन पक्षाच्या माथीं मारण्यांत येत होतें. आमच्यापैकीं एकाचाही त्यांत हात असल्याचें तुम्ही सिद्ध करूं शकलां नाहीं, असें त्यानें उत्तर दिलें. आमचा राष्ट्राध्यक्ष निवडून आला तर तुम्ही राष्ट्र फोडणार, आणि वर त्या फोडण्याचा दोष आमच्यावर ठेवणार. हें तर एखाद्या वाटमाऱ्यानें पिस्तूल कानशिलावर टेकून ‘पैसे दे, नाहीं तर मी तुला मारीन आणि मग खुनी तूं ठरशील’ असें दरडावण्यासारखें झालें, असा दृष्टांत त्यानें दिला. त्या गंभीर विवेचनांत हा दृष्टांत सभेला फार रुचला.

तिसरा भाग स्वपक्षीयांसाठीं होता. चिडूं नका, शक्य तें सर्व ऐकून घ्या, शक्य तें सर्व द्या, असें सांगून त्यानें विचारलें कीं, पण काय दिलें म्हणजे त्यांचें समाधान होईल? नवे प्रदेश देऊन होईल काय? नाहीं. बंडाला आमचा हात नाहीं म्हणून होईल काय? नाहीं. गुलामगिरी ही वाईट आहे असें म्हणावयाचें आपण सोडलें, आणि ती चांगली आहे असें त्यांच्याबरोबर म्हणूं लागलों, तरच तें होईल. साऱ्या वादाचें मूळ इतकेंच आहे कीं, ते तिला योग्य समजतात आणि आपण अयोग्य. ज्याला आपण अयोग्य मानतों त्याला योग्य म्हणण्याची तडजोड करतां येत नाहीं. बळ सत्यांतूनच येतें हा विश्वास धरून आपलें कर्तव्य आपल्याला कळेल तसें निर्भयपणें करावें, अशा आशयाच्या वाक्यानें त्यानें दीड तासाचें भाषण संपविलें. लोक उभे राहून टाळ्या वाजवूं लागले. टोप्या हवेंत गेल्या.

त्या रात्रीं लिंकन ‘ट्रिब्यून’च्या छापखान्यांत जाऊन मुद्रितें तपासीत बसला होता, असें तेथील एका तरुण कामगारानें पुढें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं न्यूयॉर्कच्या चार पत्रांत संपूर्ण भाषण छापून आलें, आणि लागलीच पुस्तिकाही निघाल्या. तेथून तो न्यू हँपशायरमधील एक्झीटर येथें गेला. हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेंत नापास झालेला त्याचा वडील मुलगा रॉबर्ट तेथल्या शाळेंत शिकत होता. वाटेंत जागोजाग भाषणांचीं निमंत्रणें आलीं. तेथून पत्नीला लिहिलेल्या पत्रांत त्यानें आपली अडचण सांगितली आहे कीं, न्यूयॉर्कचें भाषण आधींच तयार असल्यामुळें त्याचा त्रास पडला नाहीं. पण आतां समोर बसलेल्यांनीं तें सर्व छापलेलें वाचलें आहे, तेव्हां रोज नवें काय बोलावें? आपल्याकडील ठरीव भाषणांवर वर्षानुवर्षें निर्वाह करणाऱ्या वक्त्यांनीं हें पत्र अवश्य मनन करावें.

त्या सोमवारीं दिवसा आणखी एक गोष्ट घडली होती. मॅथ्यू ब्रेडी या प्रसिद्ध छायाचित्रकारानें लिंकनची तसबीर घेतली. लांब मान झांकावी म्हणून त्यानें गळपट्टी वर ओढावयास लाविली, असें सांगतात. ती तसबीर निवडणुकींत घरोघर पोंचली. ब्रेडी आणि कूपर युनियन यांनीं आपल्याला राष्ट्राध्यक्ष केलें, असे उद्गार पुढें लिंकननें काढल्याची आठवण सांगण्यांत येते.

तथापि एका भाषणानें राज्य मिळतें, असा समज कोणी करून घेऊं नये. पक्षांतील प्रमुख उमेदवार न्यूयॉर्कचा विल्यम सेवर्ड होता. त्याच्याच संस्थानांतील ब्रायंट व ग्रीली हे दोघेही संपादक त्याच्या विरुद्ध असून दुसऱ्या माणसाच्या शोधांतच होते. सेवर्ड फार जहाल आहे, त्याच्या नांवावर पेनसिल्व्हेनिया, इंडियाना, इलिनॉय हीं संस्थानें मिळणार नाहींत, अशी पक्षांत धास्ती होती. मे महिन्यांत शिकागोला, म्हणजे लिंकनच्याच संस्थानांत, पक्षाची परिषद भरली. पहिल्या फेरींत सेवर्डला १७३॥ आणि लिंकनला १०२ मतें मिळालीं. दुसरींत १८४॥ आणि १८१. तिसऱ्या फेरींत लिंकन २३१॥ वर गेला आणि ओहायोचीं चार मतें फिरतांच २३३ ची मर्यादा ओलांडली गेली. डेव्हिड डेव्हिस या त्याच्या स्नेह्यानें तेथें रात्रंदिवस खटपट केली होती. डेमोक्रॅटिक पक्षाची फाळणी होऊन त्याचे दोन उमेदवार उभे राहिले होते. या सर्वांचा वांटा आहे. मात्र फेब्रुवारींत ज्याचें नांव पूर्वेकडे कोणी गंभीरपणें घेत नव्हतें, तें मे महिन्यांत घेतां येण्याजोगें झालें, हें काम त्या भाषणाचें.

६ नोव्हेंबर १८६० रोजीं तो निवडून आला. लोकमतांपैकीं शेंकडा चाळीसहूनही थोडीं कमी मतें त्याला होतीं; दक्षिणेंतील बहुतेक संस्थानांत त्याच्या नांवाची मतपत्रिकाच नव्हती. २० डिसेंबरला दक्षिण कॅरोलिना संस्थान फुटून निघालें. एप्रिल १८६१ मध्यें तोफा सुटल्या, आणि चार वर्षें भाऊबंदकीचें युद्ध झालें. पूर्वजांच्या एकवीस मतांचा तो बिनतोड हिशेब ज्यांना पटावयास हवा होता त्यांनीं वाचलाही नाहीं. युक्तिवादानें राष्ट्राध्यक्षपद मिळालें. युद्ध टळलें नाहीं. ही गोष्ट लपवून आम्ही भाषणाची थोरवी गाणार नाहीं.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. त्या भाषणांत लिंकननें गुलामांना मोकळे करा असें म्हटलेलें नाहीं. जेथें ती चाल आहे तेथें असूं द्यावी, फक्त पसरूं देऊं नये, एवढीच त्याची मागणी होती. शिवाय ज्या पूर्वजांची साक्ष त्यानें काढली, त्यांतील कित्येक, वॉशिंग्टनसुद्धां, स्वतः गुलामांचे मालक होते. त्यांची मतें त्यानें मोजलीं, त्यांच्या घरांत तो शिरला नाहीं. पुढें युद्धानेंच त्याला पुढें ढकललें. १ जानेवारी १८६३ रोजीं बंडखोर मुलुखांतील गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा निघाला. घटनेची तेरावी दुरुस्ती १८६५ च्या डिसेंबरांत अमलांत येऊन गुलामगिरी कायद्यानें संपली, तेव्हां लिंकनचा खून होऊन आठ महिने लोटले होते.

त्या युद्धाचा धक्का आपल्या मुलुखालाही बसला, हें पुष्कळांना ठाऊक असेल. दक्षिणेचा कापूस बंद झाल्यानें वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईंत शेअरबाजाराला उधाण चढलें, आणि १८६५ मध्यें युद्ध थांबतांच पेढ्या कोसळल्या. परंतु दुसरा एक धागा आहे, तो आपल्या घरांशीं अधिक जवळचा आहे. १८७३ मध्यें महात्मा जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हें आपलें पुस्तक, गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण केलें. त्या पुस्तकाचा रोख ज्या घरांकडे होता, त्यांत आमचीं-तुमचीं घरें होतीं. दूरच्या देशांतील अन्यायाविरुद्ध बोललेलें भाषण वाचून आपला ऊर भरून येतो. पण लिंकननें त्या तिसऱ्या भागांत जो प्रश्न विचारला, तो माजघरांत आणून विचारला तर? अस्पृश्यांचा पाणवठा निराळा होता, बालविधवेचें केशवपन होत होतें, त्या वेळीं आपल्या वाडवडिलांची सुधारकांपाशीं मागणी काय होती? ‘तुम्ही काय वाटेल तें करा, पण याला वाईट म्हणूं नका,’ हीच ना?

आणि आधार कोणता दिला जाई? पूर्वजांचा. ‘आजवर असेंच चालत आलें.’ या एका वाक्यापुढें मोठमोठे गप्प बसत. न्यायमूर्ति रानड्यांनीं विधवाविवाहासाठीं वेदांतील आधार शोधून दाखविले, तें काम थोडेंबहुत लिंकनच्याच मोजणीच्या जातीचें होतें. आगरकरांचें म्हणणें निराळें: बुद्धीला जें पटतें त्याला जुना आधार हवाच कशाला? दोघांचे अनुयायी पुढें एकमेकांशीं भांडले. आम्हांस मात्र वाटतें कीं, कूपर युनियनच्या त्या भाषणांत दोन्ही गोष्टींना जागा आहे. पूर्वजांचें नांव घ्यावयाचें तर आधीं त्यांचे कागद पाहावे; आणि त्यांच्या विरुद्ध जावयाचें तर उघडपणें, कारणें देऊन जावें. कागद न पाहतां त्यांचें नांव पुढें करणें, ही मात्र त्यांची पूजा नव्हे.

आतां आमच्या भगिनींच्या पत्राकडे वळतों. वडिलांना आमचें सांगणें असें कीं, गळा ही देणगी आहे खरी, पण त्या रात्रीं न्यूयॉर्कला गळ्याचें कांहीं चाललें नाहीं. पहिल्या वाक्याला जे हंसतात ते विसाव्या वाक्याला ऐकतील कीं नाहीं, हें त्या विसाव्या वाक्यांत काय आहे यावर अवलंबून असतें. मुलीचें गणित चांगलें असेल तर उत्तमच. ज्या भाषणाची हकीकत आम्हीं सांगितली, तें एकोणचाळीस, तेवीस आणि एकवीस यांच्यावर उभें आहे.

आजोबांचें वय व मान मोठा; त्यांच्याशीं आम्ही वाद घालणार नाहीं. परंतु मुलीला एक गोष्ट सुचवावीशी वाटते. यंदां स्पर्धेंत नांव द्यावें, आणि ‘आपल्या घराण्यांत पूर्वीं कोणी बायकामाणूस सभेंत बोललें नाहीं’ हें आजोबांचेंच वाक्य विषय म्हणून घ्यावें. डग्लसचें वाक्य लिंकननें घेतलें तसें आदरानें घ्यावें. मग आत्याबाईंना विचारावें, मावशींना विचारावें, माळ्यावरची जुनी पेटी खालीं काढून पत्रें व कार्यक्रमपत्रिका पाहाव्या. कोणी हळदीकुंकवाच्या समारंभांत चार शब्द बोललें होतें काय? कोणी शाळेच्या संमेलनांत, कोणी स्वातंत्र्याच्या चळवळींत? घराबाहेरही पाहावें. १८८२ मध्यें पंडिता रमाबाई पुण्यांत हंटर आयोगापुढें स्त्रीशिक्षणाविषयीं साक्ष देण्यास उभ्या राहिल्या, तेव्हां त्यांचें वय चोवीस होतें. जें सांपडेल तें मोजावें. आजोबांचें वाक्य खरें ठरलें तर तेंही तसेंच सांगावें, आणि आपण का बोलावयास उभ्या राहिलों त्याचें कारण द्यावें. खोटें ठरलें तर आजोबांनाच पहिल्या रांगेंत बसवावें. आमचा अनुभव असा आहे कीं, आपल्या आईमावशीचें नांव नातीच्या तोंडून ऐकल्यावर म्हातारीं माणसें फारशीं भांडत नाहींत.

बक्षीस मिळेल कीं नाहीं हें आम्ही सांगूं शकत नाहीं. मात्र त्या पेटींत काय सांपडलें, तें आईसाहेबांनीं आम्हांस अवश्य कळवावें. पत्राची वाट पाहूं.